गंगूचं मोरीचं तेल

माझ्या नवऱ्याला 'नाही' म्हणता येत नाही. लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर मी विचार केला असता. लिओन पेशाने शिंपी. गणपतीच्या आदल्या दिवशी कुणी ब्लाउजपीस घेऊन आलं तरी हा म्हणणार, "ठेव गो, बघतंय." मग रात्रभर मशीन खडखडत राहायची आणि सकाळी वर्गात मी पेंगायची. मी शाळेत मास्तरीण, मला 'नाही' म्हणण्याचाच पगार मिळायचा. घरात मात्र माझी मात्रा कधी चालली नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या किडन्यांनी हात टेकले. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा ओरोसला डायलिसिस. आमचा मुलगा रॉयडन दुबईला, मुलगी सँड्रीना मडगावला, आणि मालवणच्या आमच्या वाडीत आम्ही दोघं म्हातारी. त्या दिवसांत शेजारची गंगू आणि तिचा नवरा तुकाराम नसते तर आमचं काय झालं असतं, हा विचार मी अजूनही पुरता करत नाही. तुकारामाचा मासळीचा टेम्पो. पहिल्याच आठवड्यात त्याने मासळीच्या फेरीची वेळ बदलली आणि लिओनला पुढे खिडकीजवळच्या सीटवर बसवून न्यायला लागला. मधली सीट माझी. मासळीच्या वासात बसून हॉस्पिटलात जाणारी मी जगातली एकटीच टीचर असेन, पण त्या टेम्पोइतकी भरवशाची गाडी मी पाहिलेली नाही.

आणि गंगू! मासे विकायला निघायच्या आधी ती आमच्या मागच्या दारात हजर. लिओनला पोटॅशियम चालत नाही म्हणून भाजी बारीक चिरून पाण्यात भिजत घालायची आणि ते पाणी फेकायचं, हे डॉक्टरांनी मला शिकवलं. गंगू माझ्याकडे बघून शिकली आणि दोन दिवसांत मलाच दटावायला लागली, "बाय, फोडी मोठ्ये झाले." माझ्या सख्ख्या नणंदा एवढं करणार नाहीत. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय.

पावसाळा संपता संपता लिओन खंगला. जीभ सोललेली, तोंडाच्या कडा फाटलेल्या, जिना चढताना मधेच बसून घ्यायचा. गंगूने एक दिवस त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि चार दिवसांनी एक बाटली आणून टेबलावर ठेवली.

"मोरीच्या काळजाचा त्याल," ती म्हणाली. "सकाळी एक चमचो. माझ्या सासऱ्यान जन्मभर घेतल्यान. नव्वदीत होडी ओढी होतो."

मोरी म्हणजे आमच्याकडचा शार्क. त्याच्या लिव्हरचं तेल काढायचं म्हणजे अंगणात चूल मांडून तासन् तास ढवळत बसायचं. वास असा की पाहुणे वाट बदलतात. पूर्वी हे तेल होडीच्या फळ्यांना लावायचे आणि अशक्त माणसाला पाजायचे. मी स्वतः लहानपणी नाक दाबून प्यालेली आहे. गंगूने त्यासाठी जेट्टीवर सांगून ठेवलं होतं, दोन दिवस चुलीपुढे बसली होती, मनगटावर तेल उडून फोड आला होता. मीच चमचा धुऊन आणला.

लिओनने डोळे मिटून पहिला चमचा गिळला, चेहरा वाकडा झाला, तरी म्हणाला, "बरा लागता गो."

तिसऱ्या महिन्याला त्याची कातडी कोंड्यासारखी सुटायला लागली. खाज एवढी की स्वतःच शिवलेला शर्ट अंगावर नको म्हणे. उशीवर केस, रोज डोकेदुखी. रक्ताच्या रिपोर्टात कॅल्शियम वाढलेलं. सेंटरच्या तन्वी डॉक्टरांनी आधी त्याची व्हिटॅमिन डीची गोळी थांबवली. धड किडनी शरीरातलं डी कामाला लावते, ते याच्या किडनीला जमत नाही म्हणून ती गोळी सुरू होती आणि तिनेच कॅल्शियम चढलं असेल असं त्यांना वाटलं. पण गोळी थांबवूनही आकडा हलेना.

"घरी आणखी काही घेता का?" त्यांनी विचारलं.

"नाय, नाय," लिओन घाईने म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता. आणि मला कळलं की याला कधीपासूनच संशय आहे आणि गंगूचं नाव येऊ नये म्हणून हा गप्प आहे.

"मोरीचं तेल घेतात," मी सांगून टाकलं. "रोज एक चमचा."

तन्वी डॉक्टर जवळ स्टूल ओढून बसल्या. चिडल्या नाहीत. त्यांनी समजावलं ते मला अजून पाठ आहे. बी आणि सी ही व्हिटॅमिनं पाण्यात विरघळणारी. डायलिसिसच्या पाण्याबरोबर ती वाहून जातात, म्हणून किडनीच्या पेशंटची वेगळी गोळी असते, ती डायलिसिस झाल्यावर घ्यायची. ए व्हिटॅमिनचं उलटं. ते मशीनने निघत नाही, किडनी गेलेल्या माणसाच्या अंगात साचत जातं, आणि मोरीच्या तेलात ते ठासून भरलेलं. कातडी, केस, डोकेदुखी, वाढलेलं कॅल्शियम, सगळं त्याचंच. आणखी काही महिने घेतलं असतं तर लिव्हर आणि हाडं दोन्हींवर बेतलं असतं.

"दुकानातलं साधं टॉनिकही विचारल्याशिवाय नको," त्या म्हणाल्या. "त्यातही ए असतं. आणि ती बी-सीची गोळी तुम्ही कधी घेता?"

"सकाळी," लिओन म्हणाला. "सगळी औषधां एकदम. मगे इसरूक नको."

म्हणजे सकाळी गोळी पोटात आणि दुपारपर्यंत बरीचशी मशीनच्या पाण्यात. जीभ सोलली त्यात नवल काय! अंगात राहायला हवं ते आम्ही घालवत होतो आणि राहायला नको ते भरत होतो.

तेल त्याच दिवशी बंद झालं. प्रश्न गंगूचा होता. येताना टेम्पोत तुकाराम शेजारीच, म्हणून आम्ही दोघं मूग गिळून बसलो. घरी आल्यावर मी म्हटलं, "मी सांगते तिला." लिओनने हात जोडले. "नको गो. तिना हात भाजून घेतल्यान माझ्यासाठी. तिका वायट वाटात."

दुसऱ्या दिवशी गंगू भरलेली नवी बाटली घेऊन दारात, मनगटावर जुन्या डागाशेजारी नवा फोड. मी तोंड उघडायच्या आत हा पुढे. "दी गो, दी! जुनी संपलीच होती!"

माझ्या रागाचा पारा कुठे गेला असेल ते विचारू नका. संध्याकाळी या शहाण्याने ती बाटली मागच्या माडाच्या मुळात ओतली आणि वर माती लोटली. झालं! मोरीचं तेल ते, लपतंय कसलं? सकाळी वाडीतली झाडून सगळी कुत्री माडाखाली. एकमेकांच्या अंगावर गुरगुरत माती उकरतायत. आणि त्याच वेळी गंगू भाजी चिरायला मागच्या दारी आली.

तिने कुत्र्यांकडे पाहिलं. वास घेतला. पायरीवरची रिकामी बाटली उचलून तिने तळाशी उरलेला थेंब बघितला.

"इतकी घाण वाटा होती, तर सांगूचा होता," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. "माडाक घालूक मी चुलीकडे बसलंय नाय."

बाटली घेऊन ती गेली. त्यानंतर आली नाही.

टेम्पो येत राहिला. तुकाराम वेळेवर हॉर्न द्यायचा, लिओनला हात धरून चढवायचा, पण कसाल गाव मागे पडलं तरी एक शब्द नाही. एरवी हा माणूस वाटेतल्या प्रत्येक घराची कुळकथा सांगतो. मी घरी भाजी चिरायची आणि फोडी मोठ्या झाल्या का हे विचारायला कुणी नसायचं. खरं सांगते, मला त्याच्या कॅल्शियमपेक्षा त्या बंद मागच्या दाराची धास्ती वाटायला लागली. गंगू गेली तर आमच्यात उरलं काय? दोन म्हातारी आणि औषधांचा डबा.

रविवारी चर्चमध्ये मास करून आल्यावर लिओनने कपडे बदलले नाहीत. म्हणाला, "चल. तिच्याकडे जावया." चार घरांचं अंतर, पण तो दोनदा थांबला. मी वाटेत म्हटलं, "मी बोलेन, मला नीट समजावता येतं." तो म्हणाला, "तू गप रव." मला असं तो उभ्या जन्मात कधी बोलला नव्हता.

गंगू पडवीत सुकट निवडत होती. आम्हाला बघून तिने मान खाली घातली. बसा म्हणाली नाही. लिओन तसाच खांबाला धरून उभा राहिला.

"गंगू, तुझा त्याल घाण नाय. माझ्या अंगाक सोसणा नाय," तो म्हणाला. "डॉक्टरान सांगल्यान. किडनी गेल्या माणसाच्या अंगात तां साठता. माझी कातडी गेली ती त्येनाच."

गंगूचे हात थांबले. तिने त्याच्या कोपरापर्यंत सोललेल्या हाताकडे पाहिलं, मग आपल्या मनगटाकडे.

"म्हणजे मी?" ती पुटपुटली. "माझ्या हातान मी तुका..."

"तुका ठावक नव्हता. माका पण नाय. चमचो हिणा धुवन दिल्यान, हिका एवढा शिक्षाण असान ठावक नव्हता." तिथेही माझी चेष्टा केलीच. मग तो म्हणाला, "माझी चूक ती येगळी. माका नाय म्हणूक येणा नाय. म्हणान माडात ओतलंय. आता म्हणतंय. माका त्याल नको गो गंगू. तुझा येणा व्हया."

गंगूने पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली. मीही रडले. तुकाराम आतून बाहेर आला, तिघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि खुर्ची आणून लिओनच्या मागे ठेवली.

बऱ्याच वेळाने गंगूने डोळे पुसले. "पण मगे ह्येची ताकद जाता खंय?" हा प्रश्न तिने मला विचारला. मी सांगितलं. मशीनच्या पाण्यातून जाते, आणि ती भरून काढायला एक छोटी गोळी आहे, पण मशीन सुटल्यावरच घ्यायची.

"आणि ह्यो सकाळीच गिळता?"

"सकाळीच."

"लिओनबाब," गंगू म्हणाली, "तू खराच येडो आसस." त्या दिवशी एवढी गोड शिवी मी दुसरी ऐकली नाही.

मंगळवारी हॉर्न वाजला तर टेम्पोत गंगू. मासे विकायचं सुनेवर, संजनावर, टाकून आली होती. पुढच्या सीटवर आम्ही चौघं कसे मावलो ते देवाला ठाऊक आणि पोलिसांना नाही, हे बरं. वाटेतलं कट्टा गाव यायच्या आधी तिने हात पुढे केला. "गोळी खंय?" लिओनने खिशातून पाकीट काढून निमूटपणे दिलं. तिने ते चोळीत खोचलं.

सेंटरमध्ये ती तन्वी डॉक्टरांसमोर उभी राहिली. "त्याल मी दिलंय," म्हणाली. "आता तां अंगातसून जायत मा?"

"जाईल," डॉक्टर म्हणाल्या. "हळूहळू जाईल. वेळेत थांबलं. ही जखम दिसतेय ती तेल काढताना झाली का? दाखवा बघू." आणि त्यांनी तिच्या मनगटाला मलम लावून दिलं. गंगू पूर्ण वेळ बाहेरच्या बाकावर माझा हात धरून बसली.

मशीन सुटलं. सुईच्या जागी दाबून धरलेला कापूस घेऊन लिओन बाहेर आला, फिकुटलेला. गंगूने गोळी काढली, त्याच्या तळहातावर ठेवली, आणि पाण्याचा घोट मोजून दिला, कारण पाणीही त्याला मापातच. त्याने गोळी गिळली. तिने तोंड उघडायला लावून खात्री करून घेतली.

मी पोरांना वर्षानुवर्षं आभार मानायला शिकवलं, आणि या बाईचे आभार कधी धड मानले नव्हते. आपलीच माणसं म्हणून राहून गेलं होतं. मी तिचे दोन्ही हात धरले आणि आमच्यात म्हणतात तसं म्हटलं, "देव बरें करूं, गंगू. तू होतीस म्हणून हा आहे."

तिने हात सोडवून घेतला नाही. लिओनच्या शर्टाची वर गेलेली बाही दुसऱ्या हाताने खाली ओढत म्हणाली, "माझा बरा आसा गो. तुझ्या देवाक सांग, पयला ह्येचा बघ."