आत सोनेरी

शनिवारी सकाळी नदीनचे वडील, ऑर्व्हिल टॅकेट, शेडमध्ये बसून पिल्लांच्या डब्यांवर लेबलं चिकटवत होते. कवच डबीसारखं मिटून घेणारी ही कासवं केंटकीत त्यांच्याइतक्या वर्षांपासून कुणीच पाळत नव्हतं. पिल्लं दिसायला मातकट. पण बाप सोनेरी, म्हणून प्रत्येक डब्यावर 'आत सोनेरी'. रंग आज दिसत नसला तरी रक्तात आहे, पुढच्या पिढीत उमटेल. गिऱ्हाइकं या दोन शब्दांवरच पिल्लं उचलत.

नदीन पाणी बदलत होती. या पिल्लांची आई गेल्या उन्हाळ्यापर्यंत तपकिरी नराजवळ होती. नदीननेच त्याला दुसऱ्या कुंपणात हलवलं होतं. मादी नराचं बीज पोटात वर्षानुवर्षं सांभाळते. मग पिल्लं सोनेरीचीच कशावरून? ओठांवर आलेलं तिने गिळलं. चूक दाखवली की डॅडी आठवडाभर तिचे दात, तिचा घटस्फोट, सगळं काढत.

"लेकीला यातलं काही कळतं का?" पिल्लं बघायला आलेल्या गेन्ट्रीने विचारलं.

"हिला? ही आईवर गेलीय रे. थांब, गंमत बघ." डॅडींनी एक लेबल लिहिलं. "ये गं इकडे. पाठीला माती लागलीय." त्यांनी तिचा कोट झटकल्यासारखं केलं.

गेन्ट्री पोट धरून हसला. का, ते नदीनला वाणसामान आणून घरी कोट काढल्यावर कळलं. पाठीवर लेबल होतं: 'साधी. आत काही नाही.' दुकानात कुणीही अवाक्षर काढलं नव्हतं.

रविवारी डॅडी कुंपणात पालथे सापडले. त्यांच्या हातातला टोमॅटो कासवं निवांत खात होती. नदीनने आधी टोमॅटो सोडवला, मग डॅडींना हाक मारली.

दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये सगळे हॅम आणि बटाट्याचं सॅलड खात होते. डॅडींच्या हातचं शेवटचं अक्षर म्हणून ते लेबल तिच्या पर्समध्ये होतं, टाकवलं नव्हतं. गेन्ट्री बशी घेऊन जवळ आला.

"पोरी, तुझ्या बापाचं लेबल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ती पिल्लं मीच नेणार."

"न्या," ती म्हणाली. "पण ती सोनेरीची आहेत की तपकिरीची, कुणालाच माहीत नाही. मला संशय होता. मी बोलले नाही."

"हळू बोल गं. आज तरी."

"आत काय आहे ते न बघताच डॅडी लेबल लावायचे." आता सगळा हॉल ऐकत होता. "मलाही लावलं. आणि तुम्ही हसलात."