एका कागदावरची दोन रोपं

मित्रांनो, मी एक जाड, कडा पिवळ्या पडलेला कागद आहे. धाराशिवच्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्र विभागाच्या लोखंडी कपाटात मी पंचवीस वर्षं राहतो आहे. माझ्या अंगावर लव्हाळ्याच्या भावकीतली दोन वाळलेली रोपं चिकटवलेली आहेत. आमच्यात एका कागदावर एकच जात ठेवायची रीत आहे. माझ्यावर दोन रोपं आली, कारण तिथं शिकवणाऱ्या गौरीशंकर सरांना ती एकाच जातीची वाटली.

सरांनी ती येरमाळ्याजवळच्या एका तळ्याच्या काठावरून उपटली होती. फुलोरा एकालाही नव्हता, आणि फुलोऱ्याशिवाय ही मंडळी ओळखणं म्हणजे जुळ्या भावांना पाठीकडून ओळखणं. तिथं म्हशी राखणाऱ्या हरणाबाईंनी त्यांना सांगितलं, की ही दोन वेगळी आहेत. त्यातलं एक म्हैस खाते, दुसरं हुंगून सोडते. सरांनी मान डोलावली. मग रोपं वर्तमानपत्रांत दाबून वाळवली, मला चिकटवली आणि खाली चिठ्ठीवर एकच नाव लिहिलं. नाव साधं होतं, कुठल्याही डबक्याकाठी सापडणाऱ्या जातीचं. म्हशीच्या मतावर शास्त्र चालत नाही, असं ते वर्गात हसत सांगायचे.

पहिली काही वर्षं परीक्षेच्या वेळी मला बाहेर काढत. पुढं तेही थांबलं. डांबरगोळ्यांच्या वासात दिवस गेले. मला त्याचं फार वाईट वाटलं असं नाही, कागदाला धीर असतो.

गेल्या उन्हाळ्यात सोनाली मॅडमनी मला बाहेर काढलं. त्या सरांच्याच विद्यार्थिनी, आता तिथंच शिकवतात. भिंगाखाली त्यांना उजव्या रोपाच्या पानाचा देठाकडचा भाग वेगळा दिसला. नेमकं तेव्हाच गावानं तळ्यातला गाळ काढायचं ठरवलं होतं. मॅडमनी जाऊन पाहिलं, तर उजव्या रोपाचा एकच ताटवा तळ्याच्या कोपऱ्यात उरला होता. तेवढा कोपरा सोडा, अशी विनंती मॅडमनी केली. सरपंच बजरंगराव समजूतदार माणूस. त्यांनी एवढंच विचारलं, की तुमच्याच कॉलेजातल्या चिठ्ठीप्रमाणं हे सगळीकडं उगवतं, मग गावानं तेवढं पाणी का गमवायचं?

मॅडमनी माझ्यावरच्या दोन्ही रोपांचा नखाएवढा तुकडा कापून पुण्याला डीएनए तपासणीसाठी पाठवला. डीएनए म्हणजे प्रत्येक पेशीत जपलेला कुळाचा दाखला. चेहऱ्यावरून माणूस फसतो, या दाखल्यावरून सहसा फसत नाही. निकालाला पाच आठवडे लागले. गाळ काढणारं मशीन तिसऱ्या आठवड्यातच येऊन गेलं.

रोपं वेगळी निघाली. डावं सरांनी लिहिलं तेच होतं. उजवं कुठल्याच नोंदलेल्या जातीशी जुळेना.

निवृत्त झालेले सर हे ऐकून मॅडमबरोबर तळ्यावर गेले. मलाही फाईलमध्ये घालून नेलं होतं. तळं खोल आणि स्वच्छ झालं होतं, काठावर हिरवं काहीच नव्हतं. हरणाबाई आता साठीच्या पुढच्या.

"तुमचं ऐकायला पाहिजे होतं मी," सर म्हणाले.

"ऐकलं व्हतं की, सर," हरणाबाई म्हणाल्या. "लिवलं न्हाय."



आमच्यात जुनी चिठ्ठी कधी खोडत नाहीत, चूक असली तरी. शेजारी नवी चिकटवतात. सरांनी ती स्वतःच्या हातानं लिहिली. उजवं रोप वेगळं, नाव अजून ठरलेलं नाही, आणि हा फरक पहिल्यांदा हरणाबाईंनी सांगितला, असं त्यात आहे. त्या दिवशी मात्र मला वाईट वाटलं.

मॅडम अजून जिल्ह्यातली तळी धुंडाळतात. ते रोप पुन्हा दिसलेलं नाही. म्हणून मित्रांनो, कुणी काही सांगितलं तर हसा हवं तर, पण लिहून ठेवा. आणि कधी माझं कपाट उघडलंत, तर मला दोन्ही हातांनी उचला. उजव्या बाजूला अडीच पानं उरली आहेत.