जिव्याची मिशी आणि जिव्याचं नाक

जिव्याला एकोणीस सरलं तरी मिशीचा पत्ता नव्हता. आवाज तर असा, की दांडीच्या किनाऱ्यावर त्यानं हाक मारली की बाया वळून बघायच्या, ही कोणाची पोर ओरडतेय? घिवलीच्या मुलीकडच्यांनी लग्नाचं बोलणं मोडलं आणि नवसीच्या, त्याच्या आईच्या, तोंडचं पाणी पळालं. वर सासू होतीच ठणकावायला, "पोटुशी असताना चंद्राचं गिरान पाळलं नायस, त्याचं फळ!"

नवसीनं काय करायचं बाकी ठेवलं? देवाला कोंबडा दिला. पोराच्या ओठावर वस्तरा फिरवून कांद्याचा रस चोळला. शेवटी मासळीचा बाजार बुडवून त्याला बोईसरला डॉक्टर उषाबाईंकडे ओढत नेलं.

तपासता तपासता उषाबाईंनी विचारलं, "याला वास येतो का?"

"नाय! देवानं तेवढा एक गुण दिलाय," नवसी खुलली. "सडक्या मासळीचं खत भरायला अख्खा गाव यालाच बोलावतो. बाकीचे मेले नाक दाबून पळतात, हा तितंच बसून भाकर खातो." घिवलीकरांनाही तिनं हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

मुंबईहून रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा उषाबाईंनी मायलेकांना समोर बसवलं. "वयात आणणाऱ्या पेशी मूल पोटात असताना नाकात जन्मतात. वासाच्या नसा धरून चालत मेंदूत जातात आणि पुढं तिथून हुकूम सोडतात. याच्या नसाच धड झाल्या नाहीत, पेशी वाटेतच राहिल्या. म्हणून वास नाही आणि मिशीही नाही."

"बापावर गेल्या!" नवसीनं कपाळावर हात मारला. "तो पन पालघरला म्हनून निगतो आनि बोईसरच्या गुत्त्यावर उतरतो." मग तिनं हळूच विचारलं, "गिरानाचं नाय ना वो बाय?"

"छे. तुमचा काडीचाही दोष नाही."

नवसीला हुंदकाच फुटला. इतकी वर्षं सासूचं बोलणं तिनं खरंच मानलं होतं.

"मिशीसाठी, आवाजासाठी इंजेक्शनं देते, ती चुकवायची नाहीत," उषाबाई म्हणाल्या. "वास मात्र येणार नाही."

"नको यऊंदे! खत कोन भरील मग?"

वर्ष उलटलं. जिव्याचा आवाज महिनाभर नुसता चिरकत होता. नवसी अंगणात बोंबील वाळत घालत होती. मागून घोगरा, भरदार आवाज आला, "अगं, कुत्रा बोंबील नेतोय!"

थोरले दीर आले समजून नवसी धडपडत उठली, पदर सावरून, मान खाली घालून बाजूला उभी राहिली.

"आये, गेला ना कुत्रा! तू उभी काय राहिलीस?"

नवसीनं मान वर केली. दारात जिव्या.

"नेऊंदे मेल्याला," ती रडत रडत हसली. "तू मला आनखी एकदा हाक मार."