शालिग्रामची चिमूट

"अवो, जोरात आलेल्या चेंडूला हात लावू नका," भाकरीचं फडकं बांधता बांधता मालूबाईने पुन्हा बजावलं.

"नई लावत. देईन सोडून," शालिग्राम म्हणाला. "कोनाला काय समजतं?"

समजायला सगळं बुऱ्हाणपूर मैदानावर लोटलं होतं. जेठमल सेठने खंडव्याच्या एका जमीनदाराशी क्रिकेटची पैज लावली होती, आणि तीही एवढी की तेवढ्यात बुधवारा पेठेतली निम्मी गल्ली विकत आली असती. गोलंदाज मुंबईचा, फलंदाज इंदूरचे; तंबू, बँड, सोड्याच्या बाटल्या, सगळा खर्च सेठचा. सेठच्या कारखान्यासाठी घरी जरीची तार ओढणारा शालिग्रामही सेठचाच. माल पोचवायला गेला असताना फळीवरून निसटलेलं रीळ त्याने मान न वळवता हवेत पकडलं. ते नेमकं सेठने पाहिलं आणि बिचाऱ्याचे ग्रह फिरले. तेव्हापासून तो बॅटवाल्याच्या मागे, अगदी जवळ, उघड्या हातांनी उभा राहायचा.

नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं तर काम जाणार, हो म्हटलं तर बोटं. चांदीची तार केसाइतकी बारीक झाली की डोळे काही कामाचे नसतात. शालिग्राम डोळे मिटून ती अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून सोडायचा आणि खरखर लागली की थांबून तेवढा तुकडा तोडून टाकायचा. त्याने सोडलेली तार मालूबाई निमूट रिळावर घ्यायची. त्यांचं घर त्या चिमटीवर चाललं होतं.

कडुनिंबाखाली बसून ती खेळ बघतच नव्हती, नुसते त्याचे हात बघत होती. दोन चेंडू त्याच्या अंगावरून सणसणत गेले. त्याने शहाण्यासारखे सोडले. तंबूत सेठ चिडून उभा राहिला. मालूबाईला मात्र इतकं हायसं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली.

खंडव्याचा शेवटचा गडी खेळत होता आणि त्यांना थोड्याच धावा हव्या होत्या. चेंडू बॅटची कड घेऊन मागे उडाला. शालिग्रामला काही आठवलं नाही, बायकोला दिलेला शब्दसुद्धा नाही. हात आपले आपणच गेले आणि चेंडू झेलून बसले.

एकच गलका झाला. सेठ धावत आला. "शाबास रे! लाज रख ली तूने!" म्हणत त्याने स्वतःचा जरीचा शेला शालिग्रामच्या खांद्यावर टाकला. मालूबाई रडत होती. लोकांना वाटलं, आनंदाने.

हाडवैद्याने मोडलेली तर्जनी बांधली. यथावकाश पट्टी सुटली.

"दुखतं का?"

"छे! काईच नई," शालिग्राम हसून म्हणाला आणि कामाला बसला.

त्याने डोळे मिटले, तार चिमटीतून सोडली. कुठेच थांबला नाही. मग डोळे उघडून म्हणाला, "नीट हाये ना व?"

इतक्या वर्षांच्या संसारात त्याने हे कधी विचारलं नव्हतं. मालूबाईच्या बोटांना तार खरखरीत लागली.

"नीट हाये," ती म्हणाली. मग खुंटीवरच्या शेल्याकडे पाठ करून तिने तेवढा तुकडा त्याला दिसणार नाही असा तोडला आणि पुढची तार रिळावर घेतली.