भागायचं राहिलेला x²

"आधी भागून y'' एकटं करा, मगच पद्धत लावा," असं एम.एस्सी.ला विजया मॅडम घसा फोडून सांगायच्या. दामिनीनं ते कधी मनावर घेतलं नाही. पेपरात y'' एकटंच यायचं, मग भागायचं कशाला?

आज ती भिलाईतल्या एका कोचिंगच्या फळ्यापुढं डेमो क्लासला उभी होती. जमलं तर नोकरी, नाही तर पुन्हा खुर्सीपारचं घर आणि चूल. नवऱ्याची प्लांटात फर्स्ट शिफ्ट, म्हणून सासू गयाबाई सोबत आली होती. खाली जिन्यापाशी तान्ह्या पीयूषला कडेवर घेऊन ती म्हणाली होती, "तू जाय वर. मी पाह्यतो त्याले. अन् घाबरून नोको राहू, पोरं वास घेतेत."

फळ्यावर x²y'' − 2y = x³ लिहिलं आणि दामिनीचा हात सैल झाला. हिंदीतून ती भरभर सांगत सुटली. उजवी बाजू शून्य समजा, दोन उत्तरं मिळतात, x² आणि 1/x. आता गंमत पाहा, यांच्यापुढचे स्थिरांक स्थिर ठेवायचेच नाहीत. त्यांनाही x बरोबर बदलू द्यायचं, म्हणजे उजवीकडचा भार तेच उचलतात. या दोन उत्तरांचा निश्चयक, म्हणजे रॉन्स्कियन, आला −3. मग इंटिग्रेशन, आणि उत्तर x⁵/18.

"मैम, रखके देखा," पुढच्या बाकावरची भूमिका म्हणाली. "x³ नहीं, x⁵ आ रहा है."

"दो पावर एक्स्ट्रा? सेल लगी है क्या?" मागून कमलेश. वर्ग हसला. शेवटच्या खुर्चीत बसलेल्या मालकांनी, राजदीप सरांनी, पेन खाली ठेवलं. नेमका तेव्हाच खालून पीयूषच्या रडण्याचा आवाज.

दोन घात जास्त. कुठून आले? दामिनीची नजर y'' ला चिकटलेल्या x² वर गेली आणि तिनं त्याभोवती खडूनं गोल काढला.

"सही पकड़ा, भूमिका. मैंने भाग ही नहीं दिया. x² से भाग दो, दाईं तरफ क्या बचता है?"

"x!" वर्ग एकदम ओरडला.

आता पोरंच तिच्या पुढं पळत होती. पहिला स्थिरांक झाला x/3, दुसरा −x⁴/12. आपापल्या उत्तराला गुणून बेरीज, x³/4.

भूमिकानं परत ठेवून पाहिलं. "सहा बटा चार, माइनस दो बटा चार... x³. बैठ गया, मैम." कमलेशनं बाक वाजवला.

"गलती जानबूझकर की थी?" राजदीप सरांनी विचारलं.

"नहीं सर. भूल गई थी."

"चलेगा. अब ये लोग नहीं भूलेंगे. सोमवार से आइए. और बगलवाली बैच भी अभी ले लीजिए, उनका यही चैप्टर है."

दामिनीनं खडूही खाली ठेवला नाही. शेजारच्या वर्गात पोरं वह्या उघडून बसलेली, डोक्यात पुढचं समीकरण तयार. आणि खालचा आवाज बंद झालेला.

दामिनी आता लगेच काही खाली येत नाही. तुम्ही, वाचणारे, मोकळे आहात ना? मग तेवढा जिना उतरून पाहा. पीयूष झोपला असेल तर उठवू नका. रडून दमला असेल तर गयाबाईंना सांगा, बाटली निळ्या पिशवीत, टॉवेलाच्या खाली आहे.