सटवाजीच्या मेंदूतली राखणदारीण

मी सटवाजीच्या मेंदूत राखण करणारी पेशी बोलतेय. गयावया करायला आलेली नाही. माझ्यावर आरोप आहे, त्याचं उत्तर द्यायचंय. शिवाय काही आरोप मलाही करायचेत.

सटवाजी आईच्या पोटात होता, त्याचा मेंदू धड बनलाही नव्हता, तेव्हाच माझं कूळ तिथे वस्तीला आलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी अंगाची राखण करतात, मी मेंदूची. मेलेलं उचलायचं, घुसलेल्या जंतूला मारायचं. मला डोळे नाहीत. मी चाचपते, आणि परकं वाटलं की फुगून जहाल रस ओकते. परभणीच्या अलीकडे एका खेड्यात सटवाजी शेळ्या-मेंढ्या राखायचा आणि मी त्याला राखायची. बरं चाललं होतं.

मग बिघडलं. मेंदूच्या बुडाशी काळसर पेशींची एक वस्ती आहे. हातापायांची हालचाल सुरळीत ठेवणारा रस त्या बनवतात. त्यांतल्या काहींच्या पोटात गाठी साचल्या, पेशी फुटल्या, काळी भुकटी बाहेर सांडली. ती साफ करायला मी उठले. माझा रस शेजारच्या धडधाकट पेशींवरही उडाला. त्या मेल्या, त्यांचीही भुकटी सांडली. मी आणखी चवताळले, रक्तातल्या भावकीलाही हाक मारली. पहिली काडी माझी की त्या गाठींची, हे अजून डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही. तेव्हा मला एकटीला फासावर चढवू नका.

या काळसर वस्तीच्याही आधी नाकाच्या मुळाशी असाच धिंगाणा झाला होता. सटवाजीला पत्ता नव्हता. लागला तो त्याच्या बायकोला, केवळाबाईला.

"आवं, दूध करपून कोळसा झालं, अन् तुमी चुलीपाशीच बसलाव! नाक हाय का नुसती भोकं?"

"मला कुठं वास यायलाय?"

"बोकडाजवळ झोपून झोपून मेलं असंल नाक!"

दोघंही हसले. हा विनोद घरातच राहायला हवा होता.

अठ्ठ्याहत्तर साल आलं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव मुंबईत झाला आणि इकडे खेडी पेटवली गेली. ज्यांनी जन्मात विद्यापीठाचं दार पाहिलं नव्हतं, ते त्याच्या नावावरून शेजाऱ्यांची घरं जाळायला निघाले.

भर दुपारी सटवाजी माळावर होता. खाली बौद्धवाड्यात कासाबाईच्या छपरावर रॉकेल ओतून आबासाहेबाने काडी ओढली, ती त्याने पाहिली. आबासाहेब गावचा मोठा जमीनदार. कासाबाई त्याच्याच रानात खुरपायला जायची. मला डोळे नाहीत म्हणून मी घरच्यांना मारते. आबासाहेबाला डोळे होते. तो तिला नावाने ओळखत होता.

कासाबाईची फिर्याद उभी राहिली ती एकट्या सटवाजीच्या भरवशावर. बाकी सगळ्या गावाला त्या दुपारी म्हणे झोप लागली होती. आबासाहेबाचा निरोप आला, "गवाही दिलीस तर बकरं चारायला इतभर जागा मिळू देनार न्हाई."

"पाह्यलंय ते पाह्यलंय," सटवाजी म्हणाला.

खटला उभा राहायला वर्षं गेली. तोवर मी काळसर वस्तीतली निम्म्याहून जास्त घरं झोपवली होती. कोर्टाच्या कठड्यावर सटवाजीने उजवा हात टेकवला आणि अंगठा बोटांवर आपोआप घासू लागला.

आबासाहेबाचा वकील म्हणाला, "काय हो, कोर्टात तंबाखू मळताय का?"

सगळे हसले.

"न्हाई साहेब. हात कापायलाय."

"खोटं बोलताना कापतोच. बरं, रॉकेल ओतताना पाहिलंत. वास आला असेल?"

"न्हाई साहेब."

"घर जळत होतं. धुराचा तरी?"

सटवाजीने नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. कासाबाई समोर बसली होती, तिचे डोळे त्याच्या तोंडाकडे लागले होते.

"न्हाई आला. पर दिसलं मला."

"वारा माळाकडे होता, हे तुम्हीच सांगितलंत. लांबच्या शिवारात लोकांना वास गेला आणि तुम्हाला नाही? तुम्ही तिथे नव्हताच!"

मागून केवळाबाई ओरडली, "आवं, त्यांला करपल्या दुधाचा बी वास येत न्हाई!"

"ए बाई, चूप! भाईर हो!" शिपायाने तिला दंडाला धरून बाहेर काढलं. एकमेव खरा खुलासा असा दाराबाहेर गेला.

आबासाहेब सुटला. साक्षीदार घाबरलेला आणि पढवलेला ठरला. पुढे परभणीच्या एका डॉक्टरने सटवाजीला कंपवात असल्याचं कागदावर लिहून दिलं, वास गेला तो आणि हात कापतो तो याच रोगाने असंही सांगितलं, तेव्हा तो कागद घ्यायला कोणतंच कोर्ट बसलं नव्हतं. गावात तर नावच पडलं, कापरा सटव्या.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव आलं. कासाबाईने पारावर येऊन सटवाजीच्या हातावर तिळगूळ ठेवला. त्याला हसायचं होतं, पण चेहऱ्याची हालचालही मी खाऊन बसलेय. तिळगूळ हातातून सांडला.

म्हातारा आबासाहेब पारावरच होता. "काय रे सटव्या, आजून कापायलास व्हय? एवढी वर्सं झाली, भ्याव जाईना का तुझं?"

चारजण हसले. सटवाजीने मांडीवरचा हात हळूहळू उचलला आणि बोट आबासाहेबाच्या छातीवर रोखलं. हात जराही हलला नाही. या रोगाची रीतच ती. हात टेकलेला असला की कापतो, कामासाठी उचलला की घटकाभर थांबतो. कोर्टात कुणी त्याला हात उचलायला सांगितलाच नव्हता.

"ह्यानंच," सटवाजी पुटपुटला. "कासाबाईचं घर ह्यानंच पेटवलं."

पारावरचं हसू विझलं. "बोट खाली घे!" आबासाहेब ओरडला, आणि या वेळी कापत होता तो त्याचा आवाज.

मला आवरणारं औषध अजून कुणाकडे नाही. मी जागी आहे, माझं जाळणं चालूच राहील. उरलेल्या पेशी किती दिवस तग धरतील, सांगता येत नाही. सटवाजीला भित्रा म्हणणाऱ्यांनो, थरथर माझी आहे. ते बोट मात्र त्याचं आहे. मी तेही खाऊन टाकायच्या आत, ते कुणाकडे रोखलंय तिकडे एकदा बघा.