बेचाळीस नंबर

आमच्या विराबिला गावात एकच चायनीज हॉटेल, बोलिंग क्लबच्या मागच्या खोलीत. तिथे पदार्थाचं नाव कोणी घेत नाही, नंबर सांगतात. चाळीस वर्षांपूर्वी मी, चेन्सा, लग्न करून माल्टाहून इथे जगाच्या दुसऱ्या टोकाला आले. नवरा गेला, पण शुक्रवारचा बेचाळीस नंबर काही सुटला नाही. बेचाळीस म्हणजे लालभडक आंबटगोड पोर्क, वर अननस, सोबत पाव-लोणी. चीनमध्ये हे खातात का, असं मी एकदा विंगला विचारलं होतं. तिकडे हे बघून कुत्रंसुद्धा उठून जाईल, म्हणाला.

हा विंग बावीस वर्षं आमचा आचारी. मार्चमध्ये माझ्याकडे आला तो रडकुंडीला. त्याचा बाप चीनहून काही महिने राहायला यायचा होता. बाप तिकडे नावाजलेला आचारी, आणि या पठ्ठ्याने बावीस वर्षं फोनवर सांगितलेलं की, गावाला मी तुम्ही शिकवलेला वाफवलेला मासाच खाऊ घालतो.

"चेन्सा, बाबांना बेचाळीस दिसला तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही," तो म्हणाला.

मी म्हटलं, मेल्या, थापा मारताना हे सुचलं नाही का? पण त्याचा चेहरा बघवेना. मग मीच शुक्रवारच्या मंडळींना दम भरला. या खेपेला नंबर नाही, पाव नाही. मासा मागायचा आणि गुमान खायचा.

शुक्रवारी म्हातारा येऊन कोपऱ्यात ताठ बसला. आम्ही अकराजण डोक्यासकट आलेल्या माशांकडे बघत होतो, आणि मासे आमच्याकडे. आमच्यातल्या क्लाइव्हने उभा जन्म मेंढ्या कातरण्यात घालवलाय, सापालाही भीत नाही, पण त्या डोळ्यांपुढे त्याला घाम फुटला. विंगची बायको जवळ आली आणि हा बोलून गेला, "बेचाळीस. आणि पाव."

तिनेही सवयीने आत ओरडून सांगितलं. आत विंगचे हातही सवयीनेच चालले असणार. ताट बाहेर आलं तेव्हा कुठे सगळ्यांना घोटाळा कळला. मी टेबलाखालून क्लाइव्हला लाथ घातली.

आपल्यापुढचा मासा चाखून झालेला म्हातारा उठला, क्लाइव्हच्या ताटातला एक तुकडा काड्यांनी उचलून खाल्ला. मग दुसरा. विंगला बाहेर बोलावून बराच वेळ बोलत राहिला. विंग खाली मान घालून ऐकत होता. मला राहवेना, काय म्हणाले ते मी विचारलं.

"म्हणाले, मासा दोन मिनिटं जास्त वाफवलाय. माशावरचा तुझा हात कधीच गेला, म्हणजे फोनवर खोटं बोलायचास." विंगने डोळे पुसले. "आणि म्हणाले, हे लाल जे काय आहे ते रोज करणाऱ्याच्या हातचं आहे. असं करता येतंय तर लाज कसली धरलीस?"

तेवढ्यात म्हाताऱ्याने खुर्ची ओढली आणि क्लाइव्हच्या ताटातला अर्धा वाटा घेतला. पावसुद्धा सोडला नाही.

आता तो दर शुक्रवारी आमच्याच टेबलावर असतो. आधी चार बोटं दाखवतो, मग दोन.

पण खरं सांगते, मला त्या दिवशीचा मासा फार आवडला होता. माझी आई तसाच करायची, डोक्यासकट. चाळीस वर्षांत तो मला इथे कोणी दिला नव्हता. मागच्या शुक्रवारी विंगकडे हळूच मागून बघितला.

"कार्डावर नाही, चेन्सा," तो ताठ मानेने म्हणाला. "नंबर सांगा."